सर, डी मध्ये ठेवा

ज्ञान कधी नष्ट होत नाही. ग्रंथ जळतात, राज्यं बुडतात, लिप्या विसरल्या जातात. पण माणसानं एकदा मिळवलेलं ज्ञान कुठल्या ना कुठल्या रूपानं शिल्लक राहतंच.

हे वाक्य माझं आहे. पैठणला एका साहित्य मेळाव्यात अध्यक्ष म्हणून बोलताना मी ते म्हणालो आणि टाळ्या पडल्या. ज्या दुपारी मी ते म्हणत होतो त्याच दुपारी इकडे सिडकोतल्या माझ्या घरी रावसाहेब तुपे माझा अकरा वर्षांचा शब्दकोश संगणकावरून पुसत होते. त्यांनी तो वाईट हेतूनं पुसला नाही, हे मला नंतर कळलं. चार वर्षांनंतर कळलं. या लेखात जे काही कडू असेल ते पुसण्याबद्दल नाही, त्या चार वर्षांबद्दल आहे.

तुपे गंगापूरकडचे. घरी ऊस आणि थोडा कापूस. दोन भाऊ शेतीत राहिले, हे वाळूजच्या एका कंपनीत यंत्रदुरुस्तीच्या खात्यात लागले. मुदतीआधी निवृत्ती घेऊन ते आमच्या वसाहतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहायला आले. संगणकाचं शिक्षण शून्य. कंपनीनं भंगारात काढलेला एक संगणक त्यांनी घरी आणला, पूर्ण खोलला आणि पुन्हा जोडला. असं सहा वेळा केलं, तो चालू झाला नाही. सातव्या वेळी एक स्क्रू उरला आणि मशीन चालू झालं. "तवापासून मी उरलेल्या स्क्रूला भीत नाय," असं ते सांगत.

अंगानं सडपातळ, पांढरा सदरा, आणि इतरांच्या खिशाला जिथं पेन असतं तिथं यांच्या टेस्टर. हातात रेक्झिनची काळी पिशवी. तिच्यात फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर, एक चिमटा, शाळेतली मुलं वापरतात तसलं पांढरं खोडरबर, नाण्याएवढे दोन सेल, सीड्यांचं पाकीट आणि घराला रंग देतात तो इंचभर रुंद ब्रश. त्या ब्रशला कधी रंग लागला नाही. तो फक्त धूळ झाडायचा. आमच्या शहरात धूळ भरपूर असल्यामुळं ब्रशला उसंत नसे. पेन ड्राइव्ह मात्र पिशवीत नसायचा. तो गळ्यात, काळ्या दोऱ्यात, ताइतासारखा. वसाहतीतल्या निदान वीस घरांचे रोग त्या ताइतानं उतरवले होते.

त्यांची माझी ओळख संगणकाच्या ओरडण्यानं झाली. एका सकाळी बटण दाबलं की माझं मशीन शिट्ट्या मारायचं आणि पडदा काळाच राहायचा. मी पाच-सहा वेळा बटण दाबून पाहिलं, दर वेळी जरा जास्त जोरानं. सातव्या वेळी दारात एक अनोळखी गृहस्थ उभे. खिडकीतून आवाज खाली आला, म्हणाले. "येक लांब आन दोन छोट्या मारतंय. ऐकू आलं का तुमाला?"

मी तीस वर्षं महाविद्यालयात मराठी शिकवलं, त्यात छंदशास्त्रही आलं. एक गुरू आणि दोन लघू, म्हणजे भ गण. माझ्याच टेबलावर तासभर भ गण चालला होता आणि मला तो ओळखता आला नव्हता. तुपे त्याला "डिस्प्लेचं कार्ड हललं" म्हणत. त्यांनी पेटीचं झाकण काढलं, एक हिरवी पट्टी उपसली, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासलं, फुंकर मारली, परत बसवली. पडदा उजळला.

"मशीन बोलत असतंय सर," ते म्हणाले. "तुमी त्याच्यावर वरडत होता."

मोबदला म्हणून ते चहा घेत, बिनसाखरेचा, आणि त्याबरोबर यजमानाला शिकवणीही देत. आठवड्यातून एकदा नको असलेल्या फाईली झाडायच्या. अँटिव्हायरस जुना झाला की तो नसल्यासारखाच. बंद करताना खटका ओढायचा नाही, रीतसर बंद करायचं, "जेवणारा माणूस ताटावरून उठवत नसतेत." आणि सगळ्यांत मोठी शिकवण: सी मध्ये काही ठेवायचं नाही. सी ड्राइव्हमध्ये विंडोज असतं, रोग त्यालाच धरतो, मशीन बिघडलं की बळी सी चा जातो. "आपला माल डी मध्ये. डी ला काय होत नाय." हे वाक्य त्यांनी इतक्या घरांत इतक्या वेळा सांगितलं होतं की वसाहतीतली चौथीतली पोरंही ते आरतीसारखं म्हणत.

मी शिस्तीचा माणूस. कोश डी मध्ये ठेवला आणि त्याची नक्कल ई मध्ये. सी, डी, ई ही तीन घरं आहेत अशी माझी समजूत होती. त्या एकाच घराच्या तीन खोल्या आहेत हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

कोशाबद्दल दोन ओळी सांगायला हव्यात. मराठवाड्याच्या बोलीतले शब्द मी अकरा वर्षं गोळा करत होतो. पैठणच्या मागावर, अजिंठ्याच्या बाजारात, गंगापूरच्या जीपमध्ये मांडीवर वही ठेवून. रुमालाला दस्ती का म्हणतात, उलीसं म्हणजे नेमकं किती आणि मायंदाळ कुठून सुरू होतं, असल्या प्रश्नांत मी माझी उतारवयातली वर्षं घातली. शब्द आधी कार्डांवर लिहिले, मग संगणकावर टंकले. टंकताना त्या काळचा एक जुना मराठी फाँट वापरला. तो फाँट संगणकात असेल तर पडद्यावर मराठी दिसे, नसेल तर त्याच जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि तिरक्या रेघा यांचा चिखल दिसे. टंकून झाल्यावर कार्डं रद्दीत दिली. तुपेच म्हणाले होते, "कागदाला वाळवी लागती सर. डिस्कला लागत नाय."

तुपेंचा एक नियम होता आणि तो ते कुणासाठीही मोडत नसत. पेटी उघडायची तर घरचं माणूस समोर बसलेलं पाहिजे. आमच्या सोसायटीचे तेव्हाचे अध्यक्ष सोनपेठकर हे निवृत्त नायब तहसीलदार. निवृत्ती त्यांनी कागदावर घेतली होती, स्वभावात घेतली नव्हती. त्यांच्या मशीनची सफाई चालू असताना ते वामकुक्षीला निघाले. तुपेंनी हात काढून घेतला आणि स्टुलावर बसून राहिले. दोन तासांनी साहेब उठून आले तर मशीन जसंच्या तसं उघडं. साहेब तापले. मला यातलं काही कळत नाही, मी बसून काय करणार, असं त्यांचं म्हणणं.

"बघू नका साहेब, नुसतं बसा," तुपे म्हणाले. "पंचनाम्याला पंच लागतो का नाय?"

सोनपेठकरांनी आयुष्यात इतके पंचनामे केले होते की त्यांना हे पटलं. ते बसले. मग तुपे एकेका फाईलवर बोट ठेवून विचारत राहिले, "हे उडवू?" आणि साहेब प्रत्येक वेळी घसा साफ करून "उडवा" असा आदेश देत राहिले. त्यांची ती दुपार फार चांगली गेली, असं त्यांच्या घरून कळलं.

तुपेंचं खरं कसब मी पाहिलं ते जोशीकाकूंकडे. काकूंच्या नातवानं खेळता खेळता मुलाच्या लग्नाचे सगळे फोटो उडवले. काकूंनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. तुपेंनी आधी मशीन कुणालाही चालू करू दिलं नाही. मग गळ्यातला पेन ड्राइव्ह लावला, त्यातलं हरवलेल्या फाईली शोधणारं सॉफ्टवेअर सुरू केलं आणि काकूंना समोर बसवून समजावून सांगितलं. मी तिथं होतो. ते म्हणाले, "काकू, फाईल उडवली म्हंजी काय झालं? सातबाऱ्यावरचं नाव खोडलं. वावर कुठं जातंय? दुसऱ्यानं नांगर घालेस्तोवर वावर तिथंच असतंय."

काकूंच्या माहेरी शेती होती. त्यांना ते पटकन कळलं. संध्याकाळपर्यंत नवरा, नवरी, दोन्हीकडचे व्याही आणि जेवणाच्या पंगती असे सगळे परत आले. काकूंनी पुरणपोळी केली. मी ती उपमा वहीत टिपून घेतली. पुढं ती वारंवार आठवावी लागेल याची कल्पना नव्हती.

वर्तमानपत्रांत त्या दिवसांत एका नव्या व्हायरसची बातमी होती. तो फाईलींचा चिखल करून ठेवतो आणि त्या परत हव्यात तर खंडणी मागतो. माझं मशीन तेव्हा फार मंद झालं होतं आणि सी पुसून नवं विंडोज टाकावं असं तुपेंचं मत होतं. दिवस ठरला. तोच पैठणच्या मेळाव्याचा निघाला. बायको लेकीकडे पुण्याला. मी तुपेंच्या हातात किल्ली दिली. ते नको म्हणाले, तुमी आल्यावर करू म्हणाले. मी हसून म्हणालो, तुपे, तुम्ही असताना पंच कशाला? हा मी त्यांचा गौरव केला असं मला वाटलं होतं.

संध्याकाळी परत आलो तेव्हा ते माझ्या दारात पायरीवर बसले होते. म्हणाले, "सर, डिस्क मेली."

जुनी होती, अचानक गेली, काही निघालं नाही, नवी बसवलीय. मी आत गेलो. मशीन झपाझप चालू झालं. डी उघडला. तो इतका स्वच्छ होता की बघवेना. तुपे माझ्याशेजारी बसून राहिले. माझा हात त्यांनी हातात घेतला. एवढ्या वर्षांत तसं कधी झालं नव्हतं. "माणसं जातेत सर," ते म्हणाले, "डिस्कचं काय."

एका प्रकाशकाला दाखवायला म्हणून मी अ ते औ एवढ्या नोंदींच्या प्रती छापून घेतल्या होत्या. तेवढ्या उरल्या. स्वर वाचले, व्यंजनं गेली.

पंधरवड्याच्या आत सोसायटीच्या कार्यालयातल्या संगणकाचं उद्घाटन झालं. तो तुपेंनीच सुटे भाग जमवून उभा केला होता. मला जायचं नव्हतं, पण तुपेंचा मान म्हणून गेलो. फीत कापली. सोनपेठकरांनी अंकीय युगावर पाऊण तास भाषण केलं. मग पेटीला हळदीकुंकू लावलं, ते सीडीच्या फटीत गेलं. नारळ फोडला, त्याचं पाणी कळफलकावर उडालं. अक्षता टाकल्या त्या पंख्याच्या जाळीतून आत गेल्या आणि पेटीतून वाटाण्याच्या डब्यासारखा आवाज येऊ लागला. पेढे वाटले जात असताना तुपे एका कोपऱ्यात पेटी उघडून चिमट्यानं एकेक तांदूळ वेचत होते. त्या अवस्थेतही मला हसू आलं. मी त्यांच्याकडं बघून हसलो. ते हसले नाहीत. मला वाटलं, तांदळांमुळं.

पुढची चार वर्षं तुपे माझ्याशी फार चांगले वागले. दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन येत आणि म्हणत, सर, परत धरा की कोश, तुमी सांगा, मी टाइप करतो. मी नाही म्हणे आणि मनातून भरून येई. जन्मभर पुस्तकांत राहिलेल्या मला सख्खा म्हणावा असा हा एक मित्र मिळाला, असं मी बायकोला म्हटल्याचं आठवतं. ती म्हणाली, इतकी काळजी तर डिस्क बनवणारानंही केली नसती. बायकांना काही गोष्टी कळलेल्या नसतानाही कळतात.

सोनपेठकर थकले, कार्यकारिणी बदलली आणि सोसायटीचं सचिवपद माझ्याकडं आलं. नळाला पाणी कधी येणार आणि टँकर कधी, याच्या सूचना टंकून फलकावर लावणं हे त्या पदाचं मुख्य काम. पहिल्याच दिवशी कार्यालयातलं मशीन चालू केलं, सूचना कुठं साठवल्यात ते पाहायला ड्राइव्हची यादी उघडली. सी ला नाव नव्हतं. डी च्या पुढं रोमन लिपीत चार अक्षरं होती. कोश.

ते नाव मी स्वतः दिलं होतं, ज्या दिवशी पहिली नोंद टंकली त्या दिवशी. मी डी उघडला. आत पाण्याच्या सूचना, गणपतीतले नाच, महिला मंडळाची संगीत खुर्ची. ई उघडला. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण तिथं रात्रंदिवस साठत होतं आणि पंधरा दिवसांनी जुन्याच्या अंगावर नवं लिहिलं जात होतं. मेलेली डिस्क चार वर्षं बिनतक्रार काम करत होती. तिच्या उद्घाटनाचे पेढे मी खाल्ले होते.

मी जिना उतरून तुपेंकडे गेलो. ते ओट्यावरचं मिक्सर खोलून बसले होते. वहिनी गहू निवडत होत्या. मला पाहून चहा ठेवायला उठल्या. मी उभ्यानंच विचारलं की सोसायटीच्या मशीनमधली डिस्क कुणाची.

तुपेंनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "तुमची."

नाकारतील असं धरून मी पुढची चार वाक्यं तयार ठेवली होती. ती वाया गेली.

"मेली म्हणाला होतात."

"व्हय. मेली म्हणलो," ते म्हणाले. "फॉरमॅट मारताना जुनं नाव तिथंच राहतंय. मुद्दाम खोडावं लागतंय. ते नाय खोडलं मी. चार वरीस झाले, वाटत होतं कुणीतरी इचारंल."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या दुपारी सी पुसून नवं विंडोज टाकलं. सगळं नीट आहे ना म्हणून डी मधली एक फाईल उघडली, तर आत चिखल. दुसरी उघडली, तोच चिखल. सगळ्या उघडल्या. जुन्या विंडोजबरोबर माझा मराठी फाँटही गेला होता, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी आयुष्यात मराठी टंकलं नव्हतं. वर्तमानपत्रातला तो खंडणीवाला रोग माझ्या घरात शिरलाय असंच त्यांना वाटलं. आणि त्यांचा पेन ड्राइव्ह मशीनला लावलेला होता, तोच पेन ड्राइव्ह जो दुसऱ्या दिवशी वीस घरांत जाणार होता.

"तुमच्या घरचा रोग काकूंच्या घरी न्यायचा का?" ते म्हणाले. "आत काय उरलं नाय असंच वाटलं मला. डी उडवला, ई उडवला."

मला फोन करायचा, मी म्हणालो.

"दोनदा केला. तुमी स्टेजवर होता."

हे खरं असणार. अध्यक्षाचा फोन बंद असतो. "पण संध्याकाळी मी आलो होतो, तुपे."

"आलता." ते मिक्सरच्या पात्याकडं बघत होते. "अंगावर शाल, हातात नारळ. लई खुशीत होता. तुमाला न इचारता उडवलं असं कसं सांगू? मेली म्हणलं की माणूस पुढं इचारत नाय."

मेली म्हटल्यावर डिस्क बदलणं आलं. सोसायटीच्या मशीनसाठी आणलेली नवी डिस्क पिशवीत होती, ती मला बसली. माझी निघालेली धडधाकट डिस्क फेकवेना, ती सोसायटीला बसली. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस खोटं बोलू शकतो, पण चांगली वस्तू टाकून देऊ शकत नाही.

इथवर मी समजून घेऊ शकलो असतो. पण तुपेंचं सांगून झालं नव्हतं. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी ते एका लग्नपत्रिका छापणाऱ्याचं मशीन बघायला गेले होते. तिथं पडद्यावर तोच चिखल. तुपे हबकून म्हणाले, रोग लागलाय. दुकानदार हसला, फाँट टाका म्हणाला. फाँट टाकला आणि चिखलातून वधूवरांची नावं वर आली.

"तवा मला कळलं," तुपे म्हणाले.

त्या संध्याकाळी ते माझ्याकडं आले होते. मला ती संध्याकाळ आठवते, कारण त्यांनी चहात साखर चालेल असं म्हटलं होतं. बसले, कोश कुठल्या अक्षरापर्यंत झाला होता ते विचारलं. ह संपत आला होता, मी सांगितलं. ते उठून गेले.

"त्या दिवशी डी कोराच होता ना?" मी विचारलं. "कुणी काही लिहिलं नव्हतं."

"नाय."

"म्हणजे निघाला असता."

"निघाला असता." ते इतकं हळू बोलले की मला परत विचारावंसं वाटलं. "समदा निघाला असता सर. दोन दिवसांचं काम होतं."

आत वहिनींनी कपबश्या मांडल्याचा आवाज आला.

"मग का नाही सांगितलंत?"

"तर आधीचं खोटं निघालं असतं." आता त्यांनी वर पाहिलं. "ह्या कॉलनीत माझं नाव हाय, सर. कंपनीनं घरी बसवलेला माणूस मी. त्या नावाबिगर काय हाय माझ्यापाशी? लोक पेट्या उघडून देतेत माझ्या हातात. तुमचा कोश का माझं नाव, असं झालं."

आणि त्यांनी नाव ठेवलं. नंतर माझ्याच सोसायटीच्या सूचनांनी ते वावर चार वर्षं नांगरलं. दर दिवाळीला, सर परत धरा की, असं म्हणणारा माणूस तो नांगर रोज जाता-येता बघत होता. मला चार वर्षांची सगळी माया परत काढून तपासावी लागली. प्रत्येक फराळाचं ताट, हातात घेतलेला हात. त्यातलं किती माझ्यासाठी आणि किती स्वतःच्या झोपेसाठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनाही आलं असेल असं वाटत नाही.

चहा आला. मी घेतला. वहिनींचा काही दोष नव्हता.

मी कुणाला काही सांगितलं नाही. याला लोक मोठेपणा म्हणतील म्हणून खुलासा करतो. सांगितलं असतं तर एक प्राध्यापक अकरा वर्षांचं काम एकाच डिस्कच्या दोन खोल्यांत ठेवून कार्डं रद्दीत देतो, हेही सांगावं लागलं असतं. नाव फक्त तुपेंनाच होतं असं नाही.

दोन महिने आम्ही जिन्यात भेटलो की बाजूला होत होतो. मग एका दुपारी ते वर आले. पिशवी हातात. दारातूनच म्हणाले, गावाकडं राहायला जायचं ठरलंय, भावाला बरं नाय. त्याआधी एकदा डिस्क उकरून बघू. नांगर फिरला तरी बांधाच्या कडंला उलीसं राहतंय.

पाच दुपारी आम्ही सोसायटीच्या कार्यालयात बसलो. त्यांनी कॅमेरे बंद केले, डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली आणि शोधणारं सॉफ्टवेअर सुरू केलं. एक हिरवी पट्टी अत्यंत संथपणे पुढं सरकायची. आम्ही तिच्याकडं बघत बसायचो. एकदा ते म्हणाले, "शिव्या तरी द्या सर." मी म्हणालो, शिव्या श च्या नोंदींत होत्या.

सापडत होत्या त्या सूचना. उद्या नळाला पाणी येणार नाही. परवाही येणार नाही. टाकी धुतली जाईल. टँकरची वेळ बदलली आहे. डिस्कनं चार वर्षांतली एकही सूचना हरवू दिली नव्हती, उडवलेल्यासुद्धा जपून ठेवल्या होत्या. माझ्या फाईलींची नावं मिळाली, ओळीनं, क पासून ह पर्यंत. उघडल्या की आत संगीत खुर्ची.

पाचव्या दुपारी एक छोटी फाईल निघाली, तिच्यात संगीत खुर्ची नव्हती. तुपेंनी ती उघडली. चिखल. त्यांनी गळ्यातला पेन ड्राइव्ह लावला. लग्नपत्रिकावाल्याकडून त्यांनी तो जुना फाँट आणून ठेवला होता. कधी, ते मी विचारलं नाही. अक्षरं थरथरल्यासारखी झाली आणि मराठी दिसू लागलं. एकच पान होतं. सलग, पूर्ण, एकही अक्षर गळालेलं नाही.

तो ऋणनिर्देश होता. लेखकांना पुस्तक संपायच्या आधीच तो लिहून ठेवायची घाई असते. मीही लिहिला होता. विद्यापीठाचे आभार, जीपमधल्या अनोळखी सहप्रवाशांचे आभार, पत्नीचे आभार. शेवटचा परिच्छेद असा: "माझे शेजारी श्री. रावसाहेब तुपे यांनी संगणकाची निगा राखली नसती तर या कोशातील एकही शब्द टिकला नसता. त्यांच्या हाती आपले काम आहे, या जाणिवेने मी निश्चिंत झोपू शकलो."

तुपेंनी ते दोनदा वाचलं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याच्या टोकानं पुसला, बराच वेळ पुसला.

"हे कवा लिहिलं, सर?"

"त्याच वर्षी."

ते उठले, प्रिंटरपाशी गेले, त्याचं झाकण उघडून पाहिलं, लावलं. माझ्याकडं पाठ करून म्हणाले, "एक प्रिंट मारू का? मला न्यायला."

मी हो म्हणालो. कागद आत गेला आणि पांढराच बाहेर आला. शाई वाळली होती. तुपेंनी तो कोरा कागद काढून दोन्ही बाजूंनी पाहिला, परत ट्रेमध्ये नीट ठेवला, पिशवी उचलली आणि जिना उतरले. आठवड्याभरात त्यांच्या दाराला कुलूप लागलं.

शाई घ्यायची तर आमच्याकडं कार्यकारिणीचा ठराव लागतो. सचिव या नात्यानं मी तो विषय पुढच्या बैठकीत घेतला. गणपूर्तीअभावी ती बैठक तहकूब झाली.